स्टेअरिंग थरथरते, गाडी एका अंगाला ओढते : गॅरेजात जाण्यापूर्वी काय पाहावे?



एके काळी चारचाकी म्हणजे गावातल्या एखाद-दुसऱ्या वाड्यासमोर दिसणारी वस्तू होती. आता तसे राहिलेले नाही. ट्रॅक्टरच्या शेजारी अंगणात एखादी लहान मोटार किंवा बोलेरो उभी असलेली घरे आपल्या जळगाव-धुळे भागात गावोगाव दिसतात. नवी घेणे परवडले नाही तर जुनी घेतली जाते. शेतावर जायला तीच, बाजाराला तीच, दवाखान्यात न्यायला तीच आणि लग्नाच्या वऱ्हाडालाही तीच. या गाड्यांच्या बाबतीत दोन तक्रारी वारंवार कानावर येतात. पहिली, स्टेअरिंग थरथरते. दुसरी, गाडी सरळ न जाता डावीकडे किंवा उजवीकडे जाते. आपल्या अहिराणीत सांगायचे तर 'गाडी एक आंगे वढस.'

या दोन्ही तक्रारींत पैसा फार वाया जातो. दोष टायरातील हवेत असतो आणि बदलला जातो स्टेअरिंगचा रॅक. कधी याच्या उलट घडते. टायर आतून सुटत आलेला असतो, गाडी थरथरून तसे सांगत असते, आणि मालक 'चालतंय, चालतंय' म्हणत महामार्गावर नव्वदच्या वेगाने जात असतो. पहिल्या प्रकारात खिशाला फटका बसतो, दुसऱ्यात जिवाशी गाठ पडते. म्हणून या लेखात दोष कसा ओळखावा याची सोपी रीत दिली आहे. दुरुस्ती मिस्त्रीनेच करावी. मात्र दोष कुठे आहे याचा अंदाज मालकाला स्वतः घेता येतो, आणि त्यासाठी लागणारी पहिली तपासणी फुकट आहे.

प्रश्न एकच : 'कधी?'

गॅरेजात बहुतेक वेळा असा संवाद होतो.

"काय झालं आप्पा?"

"गाडी हालते."

"कधी हालते?"

"कधी म्हणजे? हालते म्हणजे हालतेच!"

आता मिस्त्रीने तरी काय करावे? तो अंदाजाने एक भाग बदलतो. नाही थांबले तर दुसरा बदलतो. वास्तविक 'कधी' या एका प्रश्नाच्या उत्तरातच अर्धे निदान असते. ताप रोज संध्याकाळी येतो की एक दिवसाआड, हे डॉक्टर आधी विचारतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून गाडी चालवताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) थरथर किती वेगाला सुरू होते व किती वेगाला सर्वांत जास्त असते?
२) ब्रेक दाबल्यावरच होते की ब्रेक न दाबताही होते?
३) हाताला, म्हणजे स्टेअरिंगला जाणवते की बैठकीला?
४) ओढणे कायम आहे की फक्त ब्रेक दाबताना?
५) हे कशानंतर सुरू झाले? पंक्चर काढल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, चिखलातून आल्यावर की नवे टायर टाकल्यावर?

आधी थरथरीचे पाहू

*ऐंशीच्या पुढे थरथर, ब्रेकचा संबंध नाही :* साठपर्यंत गाडी लोण्यासारखी चालते, सत्तर-ऐंशीला स्टेअरिंग थरथरू लागते, नव्वद-शंभरला जास्त होते आणि कधी कधी त्याच्याही पुढे पुन्हा कमी होते. असे असेल तर बहुधा पुढच्या चाकाचा समतोल बिघडलेला आहे. यालाच बॅलन्सिंग गेले असे म्हणतात.

हा दोष पूर्वी आपल्याकडे फारसा जाणवत नसे, कारण तेवढा वेगच मिळत नसे. धुळ्याजवळ एकमेकांना छेदणारे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग अरुंद होते व साठाच्या वर जाणे कठीण होते. सुरत-नागपूर मार्गाचा जुना क्रमांक ६ जाऊन २०१० च्या फेररचनेत तो आपल्या भागात ५३ झाला. बऱ्याच ठिकाणी तो चौपदरी झाला, तसा वेगही वाढला. जो दोष साठाला झोपलेला असतो तो नव्वदला जागा होतो.

त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे. लहान मोटारीचे चाक ९० कि.मी. वेगाला सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरते. रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम जादा वजन असेल, तर या वेगाला ते चाकाला जवळजवळ साडेतीन किलोच्या जोराने बाहेर ओढते, आणि तेही सेकंदाला तेरा वेळा दिशा बदलून. वेग निम्मा म्हणजे ४५ केला तर हा जोर निम्मा न होता एक चतुर्थांश होतो, म्हणजे किलोच्या आत येतो. म्हणूनच कमी वेगाला काहीच कळत नाही.

हे ३० ग्रॅम कुठून येतात? बॅलन्सिंग करताना रिमच्या कडेला लावलेले छोटे वजन गळून पडते, हे एक कारण. दुसरे कारण खास आपल्या मातीचे आहे. पावसाळ्यात किंवा पाणी भरलेल्या उसाच्या बांधावरून गाडी आली की काळी चिकट माती रिमच्या आतल्या बाजूला बसते. रात्रभर गाडी उभी राहिली की ती खाली गोळा होऊन एका जागी वाळते व विटेसारखी घट्ट होते. बाहेरून गाडी धुतलेली दिसते, पण आतल्या बाजूला पाव किलो माती तशीच असते. दुसऱ्या दिवशी महामार्गावर स्टेअरिंग थरथरू लागते आणि मालक घाबरतो. उपाय म्हणजे पाण्याचा पाइप व काडी घेऊन रिमची आतली बाजू साफ करणे. खर्च शून्य. आधी हे करावे, मग बॅलन्सिंगला जावे.

*हळू वेगालाही डुलणे :* वीस-तीस-चाळीसच्या वेगाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकेच डुलते किंवा 'धप धप' असा एका लयीत आवाज येतो व वेग वाढेल तसा तो जलद होतो. हे बॅलन्सिंग नव्हे. रिम वाकली असेल किंवा टायरच्या आतले थर सुटले असतील. टायरवरून सर्व बाजूंनी हात फिरवावा. कुठे फुगवटा लागला, टेंगूळ लागले, तर ते टायर त्याच जागी काढावे व स्टेपनी लावावी. असे टायर उन्हाळ्यात फार दिवस टिकत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व डांबर त्याहून तापते. त्यावर फुगवटा आलेले टायर वेगात फुटले, तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायर खालून थोडे चपटे होते व पहिले काही किलोमीटर धक्के बसतात. टायर तापल्यावर ते आपोआप जाते. त्याची काळजी नको.

*फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर :* ऐंशीवरून ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात नाचते, ब्रेक सोडला की शांत. येथे पुढच्या ब्रेकच्या डिस्ककडे बोट जाते. डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नसते किंवा किंचित वाकडी फिरत असते. चाळीसगावहून कन्नडचा घाट, साक्रीहून नवापूरकडे कोंडाईबारी, शिरपूरकडून सेंधव्याच्या वाटेवर बिजासन घाट, अशा ठिकाणी उतरताना वरच्या गिअरमध्ये गाडी सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर डिस्क लालबुंद होण्याइतकी तापू शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आजही खरा आहे.

डिस्क वाकडी फिरण्याचे आणखी एक कारण पंक्चरच्या दुकानात जन्मते. चाकाचे नट एकापुढे एक गोलाकार आवळले, किंवा हवेच्या मशीनने एक कमी व एक जास्त आवळला, की डिस्कवर असमान ताण येतो. नट नेहमी समोरासमोरचे, म्हणजे फुलीच्या रीतीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पान्यावर उभे राहून आवळू नयेत. चाक काढून बसवल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरने नट पुन्हा एकदा तपासावेत.

एक खुलासा. २०१९ पासून नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे आहे. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला असता पायाखाली पेडल 'टर्र टर्र' करते, तो त्या यंत्रणेचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

*फक्त रेस दिल्यावर थरथर :* चढावर अॅक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय काढला की बंद. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजला असावा. वळताना 'कट कट' वाजत असेल तर बाहेरचा जॉइंट. या जॉइंटवर रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस बाहेर येते व आपल्याकडची धूळ आत जाते. बूट फाटल्याचे वेळीच दिसले तर थोडक्यात भागते. जॉइंट गेल्यावर मात्र मोठा खर्च येतो.

*उभ्या गाडीतही थरथर :* गाडी हललेलीच नाही, इंजिन चालू आहे आणि स्टेअरिंग थरथरते. मग चाकांकडे पाहण्याचे कारणच नाही. इंजिनचे माउंटिंग किंवा एखादा सिलिंडर नीट न चालणे, याकडे पाहावे.

हाताला की बैठकीला, हाही उपयोगी प्रश्न आहे. साधारणतः पुढच्या चाकाचा दोष स्टेअरिंगला आणि मागच्या चाकाचा दोष बैठकीला व पाठीला जाणवतो. खात्री करायची असेल तर पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पाहावीत. थरथर हातातून बैठकीत गेली, तर दोष चाकात किंवा टायरात आहे हे नक्की झाले. स्टेअरिंगचे भाग बदलण्याची गरज राहिली नाही.

आता ओढण्याचे पाहू

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. डावा बैल अंग चोरू लागला, की गाडी डावीकडे वळते. मोटारीतही ज्या बाजूचे चाक मागे राहू पाहते, त्या बाजूला गाडी ओढली जाते. चाक मागे का राहते, एवढेच शोधायचे.

*पण आधी रस्ता व वारा पाहावा.* पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच व कडांना उतरता करतात. आपण डावीकडून जातो, म्हणजे नेहमी डाव्या उतारावर असतो. त्यामुळे कोणतीही चांगली गाडी थोडी डावीकडे झुकतेच. काळ्या जमिनीवरच्या गावरस्त्यांचे तर विचारूच नये. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याच्या कडा खचून उतार आणखी वाढतो. वाऱ्याचेही तसेच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिकडच्या मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा असेल तर गाडी ढकलली जाणारच.

म्हणून परीक्षा सपाट, सरळ व मोकळ्या जागी घ्यावी. चाळीसच्या वेगाला स्टेअरिंग हलक्या हाताने धरावे, पूर्ण सोडू नये. तीच जागा परत उलट दिशेनेही चालवून पाहावी. एका दिशेला डावीकडे आणि परत येताना उजवीकडे जात असेल, तर तो जमिनीचा उतार किंवा वारा. दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल, तरच दोष गाडीत आहे.

*पहिला संशयित, टायरातील हवा :* डाव्या चाकात ३२ आणि उजव्यात २४ हवा असेल तर गाडी उजवीकडे ओढणार. ट्यूबलेस टायरमुळे हा घोटाळा वाढला आहे. पूर्वी बांधावरच्या बाभळीचा काटा लागला की ट्यूब लगेच बसे व पंक्चर कळे. ट्यूबलेस टायर काट्याला घट्ट धरून ठेवते आणि हवा आठ-दहा दिवस हळूहळू जात राहते. टायर डोळ्यांना ठीक दिसते, पण गाडी ओढते.

हवा किती हवी ते गाडीवरच लिहिलेले असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत तक्ता असतो. पंपावर 'पस्तीस मार सगळ्यांत' असे सांगू नये. हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनएक तास उभी असताना, तपासावी. तापमान १० अंश सेल्सिअस वाढले की सुमारे दीड पौंड हवा जास्त दिसते. दुपारी जळगावहून चाळीस किलोमीटर धावून आलेल्या गाडीची हवा मोजली व 'जास्त झाली' म्हणून काढली, तर सकाळी ती कमी भरते. कमी हवेचे टायर जास्त दबते, जास्त तापते आणि उन्हाळ्यात तेच आधी फुटते.

*दुसरा संशयित, टायर स्वतः :* हवा सारखी असूनही ओढत असेल, तर पुढचे डावे व उजवे चाक एकमेकांच्या जागी लावावे. आता ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरच्या घडणीत किंवा झिजेत आहे. बाजू तीच राहिली, तर टायर निर्दोष, पुढे शोधावे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल फक्त परीक्षेपुरती करावी व पुन्हा पूर्ववत लावावे.

*तिसरा संशयित, अडकलेला ब्रेक :* येथे दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत होते. डाव्या चाकाचा ब्रेक सुटतच नसेल, तर गाडी सतत डावीकडे ओढते. डाव्या चाकाचा ब्रेक लागतच नसेल, तर एरवी गाडी सरळ जाते आणि ब्रेक दाबला की उजवीकडे ओढते, कारण थांबवण्याचे काम एकटे उजवे चाक करते. दहा किलोमीटर फार ब्रेक न लावता चालवून गाडी थांबवावी व प्रत्येक रिमजवळ हाताचा पंजा न्यावा. हात लावू नये, भाजतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेले, जळका वास येणारे असेल, तर ब्रेक तेथे अडकला आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय घाट उतरू नये.

*चौथा संशयित, अलाइनमेंट :* लोक याचे नाव सर्वांत आधी घेतात. आम्ही मुद्दाम शेवटी घेतले आहे. यात तीन मापे असतात. वरून पाहिले असता दोन्ही चाके समांतर आहेत की त्यांची तोंडे आत-बाहेर आहेत, याला टो म्हणतात. समोरून पाहिले असता चाक उभे आहे की कलते, तो कॅम्बर. बाजूने पाहिले असता चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा कल म्हणजे कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, त्यामुळेच मुले हात सोडून सायकल सरळ चालवतात. तेच काम मोटारीत कास्टर करतो. कॅम्बर किंवा कास्टर डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा झाला की गाडी ओढते. टो बिघडला की बहुधा गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडे धरावे लागते आणि टायर झपाट्याने झिजते.

बऱ्याच लहान गाड्यांत मशीनवर फक्त टो जुळवता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कॅम्बर-कास्टर जुळवण्याची सोयच नसते. ते बिघडले असतील तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे असा अर्थ. म्हणून अलाइनमेंट केल्यावर आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा. डाव्या-उजव्या आकड्यांत फरक उरला असेल तर 'हा फरक कशामुळे?' असे विचारावे. तसेच टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश सैल असताना अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या मेखेला बैल बांधणे. पहिल्याच खड्ड्यात माप पुन्हा बिघडते. क्रम असा ठेवावा : आधी हवा, मग सैल भाग, मग बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट.

डिकीत युरियाच्या चार गोण्या टाकल्या की १८० किलो वजन मागे पडते. गाडीचे नाक वर होते, स्टेअरिंग हलके लागते व गाडी भरकटते. तेव्हा परीक्षा नेहमी रिकाम्या गाडीने घ्यावी.

टायर वाचायला शिकावे

टायरची झीज ही गाडीची खतावणी आहे. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत, तर हवा कमी राहिली. मध्य झिजला व कडा शाबूत, तर हवा जास्त राहिली. एकच कड झिजली, तर कॅम्बर किंवा टो बिघडला. टायरवर आडवा हात फिरवला असता एकीकडून गुळगुळीत व परतताना करवतीसारखे लागले, तर टो. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज, तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग.

कायद्याप्रमाणे मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मि.मी.पेक्षा कमी चालत नाही. तेवढ्या उंचीच्या छोट्या पट्ट्या टायरच्या खाचांतच दिलेल्या असतात. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर बाद. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेले टायर. जुनी गाडी घेताना हे आकडे जरूर वाचावेत. नक्षी भरपूर पण वय फार, असे टायर उन्हात तडकलेले असते.

सैलपणा कसा पाहावा?

गाडी कठीण सपाट जागेवर घ्यावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा. काळ्या मातीवर जॅक लावायचा प्रसंग आला तर खाली जाड फळी घालावी, नाहीतर जॅक रुततो व कलंडतो. जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

चाक वर उचलल्यावर वर व खाली असे धरून हलवावे. 'खट खट' झाले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवावे. आता हलणे बंद झाले तर बेअरिंग, तसेच राहिले तर बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडे धरून हलवावे. तेथे खेळ लागला तर टाय रॉड एंड. चाक हाताने फिरवून 'घरघर' ऐकू येते का तेही पाहावे.

अॅम्बॅसॅडर-फियाटच्या काळी ग्रीसगन घेऊन निपलांना वरचेवर ग्रीस मारावे लागे व त्या निमित्ताने मालकाचे डोके गाडीखाली जात असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्या पाठोपाठ आलेल्या गाड्यांत बंद जॉइंट आले, ग्रीस मारणे गेले आणि खाली वाकून पाहणेही गेले. म्हणून वर्षातून दोनदा, गळीत हंगामाच्या आधी व पावसाळ्याच्या आधी, ही तपासणी ठरवून करावी.

जुनी जीप व ट्रॅक्टर

पुढे सरळ आडवा अॅक्सल व पाटे असलेल्या जुन्या जीप गाड्यांचा एक वेगळा रोग आहे. पन्नासच्या आसपास एखादा खड्डा लागतो व पुढची दोन्ही चाके एकदम इतकी डगडगू लागतात, की स्टेअरिंग हातातून सुटू पाहते. अशा वेळी ब्रेकवर उभे राहू नये. स्टेअरिंग घट्ट धरून पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा व वेग हळूहळू उतरू द्यावा. वेग कमी झाला की डगडग थांबते. नंतर किंगपिन, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश व चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे. टायरची हवाही पाहावी. ट्रॅक्टरचे पुढचे चाक रस्त्यावर डगडगते तेव्हाही किंगपिनचे बुश, बेअरिंग व अॅक्सलची मधली पिन याच जागा पाहायच्या. मागे उसाची भरलेली ट्रॉली असताना असे स्टेअरिंग घेऊन रस्त्यावर येणे म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लावणे आहे.

ताबडतोब थांबण्याच्या खुणा

पुढीलपैकी काहीही दिसल्यास 'घरी जाऊन पाहू' म्हणू नये. गाडी कडेला घ्यावी.

१) थरथर अचानक सुरू झाली व मिनिटामिनिटाला वाढते आहे.
२) चाकातून 'कट कट' आवाज येतो व नुकतेच चाक काढून बसवलेले आहे. नट सैल झाले असण्याची शक्यता असते.
३) टायरवर फुगवटा किंवा आतील तारा दिसतात.
४) एका चाकातून जळका वास किंवा धूर येतो.
५) स्टेअरिंग बरेच फिरवूनही चाक वळत नाही किंवा स्टेअरिंग एकाएकी जड झाले.
६) ब्रेक दाबल्यावर गाडी जोरात एका बाजूला झेपावते.

हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या व पायी चालणारे मजूर असतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली एकाएकी समोर दिसते तेव्हा हाताशी असतात फक्त ब्रेक व स्टेअरिंग. त्या क्षणी ब्रेक दाबून गाडी उजवीकडे ओढली, तर समोरून येणाऱ्या ट्रकपुढे जाते. 'थोडी ओढते, पण सवय झाली' म्हणणाऱ्यांनी हा विचार करावा. सवय ड्रायव्हरला होते, गाडीचा दोष तसाच राहतो.

गॅरेजात जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : किती वेगाला, ब्रेक दाबता की न दाबता, हाताला की बैठकीला, कशानंतर सुरू झाले. हवा तपासली, माती काढली, चाके बदलून पाहिली, हेही लिहावे. चांगला मिस्त्री असा कागद पाहून खूश होतो, कारण त्याचाही वेळ वाचतो. भाग बदलल्यास जुना भाग परत मागावा आणि त्यात काय झिजले ते त्याच्याकडूनच दाखवून घ्यावे.

सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर गाडीच्या कप्प्यात ठेवावा, तसेच घरातील गाडी चालवणाऱ्या मुला-मुलींना व सुनांनाही वाचावयास द्यावा, ही विनंती.